केस पेपरवरची माझी सही

हे सदर मी बरीच वर्षं वाचतो, पण श्रद्धेने नाही... चुका काढायला. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कुणी येऊन बसलं, आणि मी हातात पेन्सिल घेऊन बसलेला. इथे उजेड कमी होता, इथे माणूस दमलेला होता, इथे तर सरळ थाप मारतोय. एकदा संपादकांना लांबलचक पत्र टाकलं होतं, की सुशिक्षित वाचकांच्या अंकात असलं छापू नका. ते पत्र त्यांनी छापलं नाही, ते बरंच झालं. कारण आज मीच लिहायला बसलोय.

मी केमिस्ट. बडोद्याबाहेर बाजव्याच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये सगळी नोकरी काढली. मोजता येत नाही ते नाही, असा माझा सरळ हिशेब. घरात देव होते, पण ते बायकोचे. भूत, चकवा, दृष्ट, कशावरच माझा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही. तरीही एक गोष्ट माझ्या बाबतीत घडली आहे, आणि ती सांगताना मला भीती वाटत नाही — लाज वाटते. तेवढं आधी सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं बडोदं. मांजलपूरला तेव्हा सोसायट्या नुकत्या उभ्या राहत होत्या. आमचं रो-हाउस ओळीतलं शेवटून दुसरं, मागे कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे थेट शेतं. घराची रचना सांगतो, कारण ती महत्त्वाची आहे. पुढे हॉल, हॉलला लागून बेडरूम, मग स्वैपाकघर आणि अगदी मागे चोकडी, म्हणजे भांडी-कपडे धुवायची फरसबंद जागा. बडोद्यात मराठी घरांतही तिला चोकडीच म्हणतात. बेडरूममधल्या पलंगावर पडलं की घराचा पुढचा दरवाजा सरळ दिसायचा. हॉलचा टीव्हीचा कोपरा मात्र दिसत नसे.

सुनीता, माझी बायको, तेव्हा चोवीस वर्षांची. तिचं माहेर गावातच, दांडिया बाजारला. तिला सातवा महिना होता. पहिलंच बाळंतपण. तपासणीला ती आईबरोबर जायची. मी एकदाही गेलो नव्हतो. तिथे पुरुषांचं काय काम, असं माझं म्हणणं.

चोकडीच्या कोपऱ्यात विटांचा ढीग होता. वर एक खोली चढवायची म्हणून मी त्या आणून ठेवल्या होत्या, आणि वर्षभर तशाच पडल्या होत्या. "त्या विटा हलवा हो," असं सुनीताने मला निदान तीन वेळा सांगितलं होतं. शेवटच्या वेळी तर तिने तिथे सापडलेला एक पांढुरका पापुद्रा कागदावर घेऊन मला दाखवला. "बघा, कात आहे." मी तो बोटांत चुरडला आणि म्हणालो, "कांद्याचं साल आहे." नाकाने वाससुद्धा घेतला नाही. आणि मी म्हणे केमिस्ट.

त्या रविवारी सकाळी टीव्हीवर वन-डे मॅच होती. मी बनियन-पायजम्यावर हॉलमध्ये खुर्ची टाकून बसलो होतो. पहिला ड्रिंक्स ब्रेक होऊन खेळ नुकताच सुरू झाला होता — म्हणजे साधारण दहा-सव्वादहा. मागून सुनीताची हाक आली.

"अहो... जरा इकडे येता? काहीतरी चावलं."

"काय चावलं?"

"दिसलं नाही. कपड्यांचा ब्रश विटांच्या मागे पडला, तो पायाने ओढायला गेले..." बोलत बोलत ती भिंतीला धरून हॉलच्या दारापर्यंत आली. "फार आग होतेय हो."

"गांधीलमाशी असेल. हळद लाव."

"साप तर नसेल?"

मी हसलो. अगदी मोठ्याने हसलो. "सोसायटीत कुठला आलाय साप? गेले सात महिने तुला रोज काहीतरी होतंय. कधी पोट दुखतं, कधी चक्कर, आता साप."

मी खुर्चीत बसूनच तिच्या पायाकडे नजर टाकली. घोट्याजवळ लाल दिसलं. उठून जवळून बघायला पाच पावलं लागली असती. ती बेडरूममध्ये गेली. तिथून एकदा हाक आली, "अहो, पाय सुजतोय." मी म्हणालो, "आलो, ही ओव्हर होऊ दे." आणखी एकदा नुसतंच "अहो" आलं. त्यानंतर तिच्या हाका थांबल्या.

मला वाटलं, झोप लागली असेल. नाही, तेही खरं नाही. बरं वाटलं मला, की आता मॅच नीट बघता येईल.

असा पाऊण तास गेला.

मग आमच्या शेजारच्या हंसाबेन कसलं तरी पातेलं परत द्यायला मागच्या दाराने आल्या आणि बेडरूममधून त्यांची किंकाळी ऐकू आली. "अनिलभाई! जल्दी आवो! सुनीताबेनना मोढामांथी लोही आवे छे!"

मी आत गेलो. सुनीता डोळे मिटून पडली होती. हिरड्यांतून रक्त येऊन उशीवर ओघळलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकचकीत झाला होता, वांग्यासारखा. घोट्याच्या आतल्या बाजूला शेजारी शेजारी दोन बारीक ठिपके होते. ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

हंसाबेन रिक्षा आणायला धावल्या. मी काय केलं? मी कपडे बदलले. इस्त्रीचा शर्ट काढला, पँट चढवली, मोजे शोधले. त्या वेळी माझे हात हे सगळं का करत होते, ते मला सांगता येणार नाही. हंसाबेन पाच मिनिटांत रिक्षा घेऊन आल्या, तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो. "ऊभा शुं छो, भाई!" म्हणून त्या माझ्यावर खेकसल्या.

रिक्षात सुनीताचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. वाटेत ती एकदाच बोलली. "डॉक्टरांना सांगितलंत ना?"

मला वाटलं, भ्रमात बोलतेय. मी म्हणालो, "हो."

आम्ही शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या दाराशी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. रिक्षा थांबते न थांबते तोच एक सिस्टर स्ट्रेचर घेऊन पुढे आली.

"सुनीता? स्नेक बाइट?"

मी नुसती मान हलवली. हिला नाव कसं माहीत, हा प्रश्नसुद्धा तेव्हा डोक्यात आला नाही. आत एक कॉट रिकामी ठेवलेली होती. सलाईन टांगलेलं होतं. ट्रेमध्ये विषावरच्या इंजेक्शनच्या बाटल्या ओळीने लावून ठेवल्या होत्या. ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुण होत्या, मराठीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते रागाने.

"अहो, तासभर? पेशंटला घेऊन येतो म्हणालात आणि तासभर लावलात? आम्ही सगळी तयारी करून वाट बघतोय!"

मला काही कळेना. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि कपडे बदलायला वेळ मिळाला तुम्हाला!"

मी म्हणालो, "रिक्षा मिळत नव्हती."

ही त्या दिवसातली माझी पहिली थाप. तोंडातून आपोआप निघाली.

त्यांनी सुनीताचं रक्त काचेच्या नळीत काढून ठेवलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. आयुष्यभर मी नळ्या तिरक्या करून बघत आलो, पण ती नळी मी विसरू शकत नाही. इंजेक्शनं त्याआधीच सुरू झाली होती. बाळंतपणाच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टरबाईही खाली येऊन थांबल्या होत्या. थोड्या वेळाने तिला खालून रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा रक्ताची बाटलीसुद्धा लगेच आली. सिस्टर म्हणाली, "नशीब, सकाळीच सांगितलंत. बी निगेटिव्ह शोधायला वेळ लागतो."

बी निगेटिव्ह. माझ्या बायकोचा रक्तगट मला माहीत नव्हता. कसा असेल? मी तपासणीला गेलोच कधी होतो?

मी केस पेपर मागून बघितला. सुनीताचं नाव. वय चोवीस. मांजलपूरचा पत्ता. 'गर्भवती, 7 महिने. उजव्या पायाला सर्पदंश. रक्तगट बी निगेटिव्ह.' आणणाऱ्याचं नाव माझं, नातं पती, खाली सही. वेळ दहा पस्तीस.

अक्षर माझं होतं. साताच्या पोटातून मी एक आडवी रेघ मारतो, लॅबमधली सवय, सात आणि एकात घोटाळा होऊ नये म्हणून. तशी रेघ तिथे होती. सहीतला शेवटचा फराटासुद्धा माझाच.

खिडकीवर बसलेल्या क्लार्कला मी विचारलं, हा पेपर कुणी केला? तो गुजराती माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "तमे ज हता ने! गंजी ने पायजामो, उघाडा पगे. मारा हाथमांथी पेन खेंची लीधी!" आणि मग जरा हळू आवाजात त्याने विचारलं, "बेनने केम छे हवे?"

बनियन, पायजमा आणि अनवाणी पाय. दहा पस्तीसला मी तसाच होतो. पण माझ्या घरात, खुर्चीवर.

दुपारी सुनीताची आई आली. डॉक्टर तिला माझ्यासमोरच म्हणाल्या, "तुमच्या जावयांनी आधी धावत येऊन सगळं तयार करवून घेतलं. नाहीतर आज ही हाती लागली नसती." सासूबाई रडत माझ्याजवळ आल्या, दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

तो क्षण होता. तेव्हा मी बोलायला हवं होतं. "मी नव्हतो" — दोनच शब्द. मी मान खाली घातली, आणि त्यांना तो माझा विनय वाटला.

सुनीता वाचली. बाळ वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे ठोके बंद झाले. मुलगा होता. सिस्टरने विचारलं, "बघायचंय?" मी नको म्हणालो. सुनीताने बघितलं. नंतर मी त्या मोठ्या बाईंना एकट्याने गाठलं आणि विचारलं, आणखी थोडं लवकर आणलं असतं तर?

त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही तर चावल्या चावल्या धावलात. रिक्षा मिळाली नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

हंसाबेनच्या दिरांनी त्या विटा हलवल्या, तेव्हा खाली फुरसं निघालं. हातभरसुद्धा नाही. मातीच्या रंगाचं.

महिन्याभराने मी पुन्हा त्या हॉस्पिटलमध्ये गेलो. नावसाम्य असेल, खिडकीवरचं घड्याळ मागे असेल, कुणी शेजाऱ्याने फोन केला असेल... सगळं तपासलं. आमच्या ओळीत फोन एकाही घरात नव्हता. घड्याळ बरोबर होतं. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या पेशंटच्या वेळाही बरोबर जुळत होत्या. लॅबची वही शेजारी ठेवून मी अक्षर बघितलं. मी लॅबमध्ये असतो आणि दुसऱ्या कुणाचा नमुना असता, तर मी बेधडक लिहून दिलं असतं — हात एकच.

मग मी विचार करणं सोडून दिलं. आणि इथून पुढे जे झालं ते मला जास्त टोचतं. ती गोष्ट माझ्या सासरी पसरली, मग सोसायटीत, मग कारखान्यात. "बायकोला साप चावला तर हा अनवाणी पळाला." लोक माझ्याकडे आदराने बघायला लागले. दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली, सायली. ती ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. शाळेत 'माझे बाबा' या निबंधात तिने ती लिहिली आणि बाईंनी शेरा दिला, 'छान!' तो निबंध तिने मला वाचून दाखवला तेव्हा मी म्हणालो, "शुद्धलेखन सुधार."

सुनीता हे सगळं ऐकायची. तिने ते कधी खोडून काढलं नाही आणि कधी दुजोराही दिला नाही. लोक बोलायला लागले की ती उठून दुसरं काहीतरी करायला लागायची. आम्ही दोघं एकटे असताना त्या रविवारचा विषय कधीच निघाला नाही. एवढी वर्षं, एकदाही नाही.

मागच्या वर्षी सायलीचं डोहाळजेवण आम्ही घरीच केलं. सातवा महिना. दुपारची जेवणं झाली होती, बायका तिची ओटी भरत होत्या. माझ्या सासूबाई आता खूप थकल्यात, पण त्यांनी माझ्या जावयाला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "बायकोची काळजी कशी घ्यायची ते सासऱ्यांकडून शीक हो. हे पायात चप्पल न घालता मांजलपूरपासून पळाले होते." सगळे माझ्याकडे बघून हसले. सायलीने कौतुकाने माझा हात धरला.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नव्हतो."

"काय, बाबा?"

"मी नव्हतो गेलो. मी घरी मॅच बघत होतो. तिने तीनदा हाक मारली, मी उठलो नाही."

मग सायलीच्या सासूबाई म्हणाल्या, "केवढा साधेपणा!" आणि पुन्हा सगळे हसले. विषय बदलला. फक्त सायली हसली नाही. आणि सुनीता उठून आत गेली.

मी तिच्यामागून स्वैपाकघरात गेलो. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"मला वाटलं होतं, हे तुम्ही त्याच वर्षी बोलाल," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं? मी तुम्हाला जाताना बघितलं होतं."

मी खाली स्टुलावर बसलो.

"पलंगावर पडले होते," ती माझ्याकडे न बघता सांगत होती. "दुसऱ्यांदा 'अहो' म्हणाले आणि तुम्ही दारात आलात. माझ्याकडे बघितलंत. तसं तुम्ही कधीच बघितलं नव्हतं मला, लग्न झाल्यापासून. मग तसेच पळालात, अनवाणी. फाटक वाजलं. मी म्हटलं, गेले. आता काही होत नाही मला. म्हणून मी परत हाक मारली नाही. हलायचं नाही, एवढंच मनाशी धरून पडून राहिले."

"आणि मग?"

"मग हॉलमधून तुमचा आवाज आला. 'काय मारलाय!' म्हणून ओरडलात. मला वाटलं, विष चढतंय, भास होतोय." तिने ओट्यावरचं फडकं उचललं. "तो आवाज मला भास वाटला. पळालेला माणूस नाही."

स्वैपाकघराच्या दारापलीकडून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता.

"हॉस्पिटलातून घरी आल्यावर हंसाबेन सहज बोलून गेल्या, की त्या आल्या तेव्हा तुम्ही खुर्चीत होतात आणि टीव्ही चालू होता. तेव्हापासून मला कळत नाही, मी कुणाबरोबर राहतेय. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. मग वाट बघायची सोडली."

मी म्हणालो, "सुनी, मला माफ कर." तिने मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

पाहुणे गेल्यावर सायलीने मला एकच प्रश्न विचारला, "बाबा, खरंच?" मी हो म्हणालो. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी फोन आला, तो आईसाठी.

त्या दिवशी त्या खिडकीशी कोण उभं होतं, मला माहीत नाही. मला माहीत नसलेला रक्तगट माझ्या अक्षरात कुणी लिहिला, मला माहीत नाही. वाचकांपैकी कुणी डॉक्टर असतील, मानसशास्त्रवाले असतील, त्यांनी मला जरूर कळवावं. पण एक विनंती आहे. तो मीच होतो, माझंच काहीतरी तिथे पोचलं होतं, असं कृपा करून कुणी लिहू नका. तशी समजूत मी स्वतःची बरीच वर्षं घालून पाहिली. त्याने फक्त मला बरं वाटतं.

हे लिहून झाल्यावर मी सुनीताला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. एकाच ठिकाणी मी 'दहा-पंधरा मिनिटं गेली' असं लिहिलं होतं. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, ते खोडलं आणि वर लिहिलं, 'पाऊण तास'. मग कागद माझ्याकडे परत दिले.

मी तसंच ठेवलं आहे.